बाहेर माणूस आहे

"काकू, जरा इथं उभ्या राहाल का? मेन बंद केलाय. वर जळकी जोडणी सोडवतोय, तेवढ्यात कुणी येऊन खटका वर करायला नको," असं म्हणून वायरमन तिचं हो-नाही ऐकायच्या आत जिना चढून गेलासुद्धा. ती भाजीची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघ्यांची मनधरणी करत जायचं तिच्या जिवावर आलेलं होतंच, त्यामुळे उभं राहायला निमित्त मिळालं तर बरंच, असा एक आळशी विचार आधी आला. मग दुसरा आला. "अहो, कुलूप नाही का तुमच्याकडे?" तिनं जिन्याच्या पोकळीत मान वर करून विचारलं. "कसलं कुलूप?" "खटक्याला लावायचं." वरून हसू आलं. "तुम्ही आहात की काकू! तुम्हीच कुलूप." त्याच्या चपला आणखी एक मजला वर गेल्या आणि कुठंतरी लाकडी झाकण निघाल्याचा आवाज झाला. तिनं पिशवी खाली ठेवली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण नुसत्या उभ्या नाही आहोत. आपली पाठ त्या खटक्याच्या लोखंडी पेटीला लावून, दोन्ही कोपर थोडे बाहेर काढून, दार अडवल्यासारख्या उभ्या आहोत. कुणी सांगितलं नव्हतं असं उभं राहायला. इतक्या वर्षांनी शरीर आपलं आपण तसं उभं राहिलं होतं.

जिन्याखालची ती खोली म्हणजे इमारतीची अडगळ. भिंतीवर सगळ्यांचे मीटर ओळीनं, काचांवर धूळ, खाली हवा गेलेली एक सायकल, कुणाचा तरी मोडका पाळणा, आणि कोपऱ्यात रंगाचे उरलेले डबे. एका डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यातून तो वास येत होता. गोडसर, थंड, नाकात शिरल्यावर आधी बरा वाटणारा आणि मग कपाळाच्या मागं जाऊन बसणारा. थिनरचा वास. ह्या वासाला ती कधीच वास म्हणत नसे; तरुणपणी तिला तो हवेचाच एक प्रकार वाटायचा. घरी आली की आई म्हणायची, "आधी आंघोळ कर बाई, रंगाच्या दुकानासारखी येतेस," आणि तिला प्रश्न पडायचा की आपल्याला कसा येत नाही. आता तो आला, आणि त्याच्यामागोमाग तिच्या कारखान्यातली कंट्रोल रूम आली. हिरवट भिंती, फिरती खुर्ची जी एका बाजूला कलायची, समोर भिंतभर पॅनेल आणि त्यावर काट्यांची गोल घड्याळं. ही घड्याळं वेळ सांगत नसत. टाकीत थिनर किती, ते किती तापलंय, वर दाब किती चढलाय, एवढंच सांगत. दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचं हे तिचं काम. शेजारपाजारच्या बायकांना ते पटत नसे. "नुसतं बघायचे पैसे देतात?" "हो ना," ती म्हणायची, "आणि बघताना गप्प बसायचे वेगळे."

कंट्रोल रूमच्या दाराबाहेर जमिनीवर पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या अलीकडची हवा आपली. पलीकडे हवेत थिनरची वाफ असू शकते असं धरून चालायचं. पलीकडे जाताना घड्याळ काढून ठेवायचं, काडेपेटी काढून ठेवायची, आणि जुने कामगार म्हणायचे तसं डोकंही थंड करून जायचं, कारण ठिणगी कशातूनही पडते. नवीन लागली तेव्हा तिला पाढ्यांसारखे नियम पाठ करायला लावले होते. प्रत्येक यंत्राला आपला फ्यूज आणि आपला स्विच. एकाच्या दुखण्यासाठी दुसऱ्याला झोपवायचं नाही. स्विच असा की दोन्ही तारा एकदम तुटल्या पाहिजेत. एकच तोडली तर दुसरीतून वीज चोरपावलांनी परत येते. फ्यूजला बोट लागण्याआधी तो मेलेला पाहिजे. स्विच बंद स्थितीत कुलपात अडकवता आला पाहिजे. आणि हे सगळं होता होईतो पट्ट्याच्या अलीकडे, चांगल्या हवेत ठेवायचं. पलीकडे ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर जाड ओतीव लोखंडाच्या पेटीत, तिचे सगळे बोल्ट आवळून, म्हणजे आतल्या आत भडका उडाला तरी बाहेरच्या हवेला त्याचा पत्ता लागू नये. तिला ते पाढे आवडत. घरात आजारी वडील, सासरी गेलेल्या दोन बहिणी, सगळ्यांची दुखणी एकाच तारेवर असल्यासारखी. एक रडलं की सगळं घर अंधारात. त्यामानानं हे जग तिला शहाणं वाटायचं. इथं निदान कुणीतरी बसून विचार केला होता की एकाचं बिघडलं तर बाकीच्यांनी चालत राहावं.

अर्थात कारखान्याच्या जुन्या भागात हा शहाणपणा पोचलेला नव्हता. तिथल्या एका उंच टाकीचे तीन काटे एकाच स्विचवर होते. पातळी, तापमान, दाब. कुणीतरी कधीकाळी काटकसर केली होती. त्यातल्या पातळीच्या काट्याचा फ्यूज तर पार पट्ट्यापलीकडे, पंपांच्या शेजारी, ओतीव पेटीत. तो उडाला की हळूभाऊला जावं लागे. हळूभाऊ हा यंत्रांचा फिटर. खरं नाव सगळे विसरले होते, तोही हाकेला ओ द्यायचा. "हळू. घाई कुणाला?" हे त्याचं पालुपद. पेटीचा एकेक बोल्ट तो असा सोडवायचा की जणू बाळाचं अंगडं काढतोय; झाकणाच्या कडेला ओरखडा उठला तर तिथूनच आग वाट काढते, असं तो म्हणायचा. खिशातून कुलपाची किल्ली पडायची म्हणून तो ती तिच्याकडे ठेवायचा. आधी कंट्रोल रूममध्ये येऊन स्विच खाली करायचा, कुलूप लावायचा, ओढून बघायचा, मग किल्ली टेबलावर नाही, तिच्या तळहातावर ठेवायचा. ज्यानं दिली त्याच्याच हातात परत द्यायची, हा त्यांचा दोघांचा करार. मग बाहेरच्या फोनवरून त्याचा आवाज यायचा, पंपांच्या घरघरीत बुडालेला. "बंद आहे ना?" "आहे." "किल्ली?" "माझ्या हातात." "बरं." आणि पुढं थोडा वेळ नुसता श्वास, कारण त्याला फोन ठेवायचीही घाई नसे. खरं तर तिनं त्याला समोरासमोर फारसं पाहिलेलंच नव्हतं. तिला तो आठवायचा तो असा, कानापाशी, घरघरीतला एक शांत माणूस. विश्वास हा शब्द तेव्हा तिनं कधी वापरला नव्हता. पण एक माणूस आपल्या मुठीवर विसंबून लोखंडी पेटीत हात घालतो, आणि आपण चहा पितो, हे तिला रोज थोडं विलक्षण वाटायचं.

"अहो काकू, झालं का नाही? माझी मीटिंग चाललीय!" दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी सपाता फटफटवत खाली आला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरची ढगळ चड्डी. कॅमेऱ्यात दिसतो तेवढाच माणूस त्यानं नीट केला होता. "वायरमन काम करतोय वर," ती म्हणाली. "ते माहितेय हो. पण किती वेळ? माझी बॅटरी संपत आलीय. दोन मिनिटं चालू करू, मी फाइल पाठवतो, परत बंद करू. त्याला ओरडून सांगतो ना मी." आणि त्यानं सहज, अगदी शेजारधर्मानं, तिच्या खांद्यावरून खटक्याकडे हात नेला. तिनं तो अडवला नाही. नुसती थोडी मागं सरकली, आणि पेटी तिच्या पाठीखाली गेली. तो थबकला. मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "अच्छा! साहेबांचा तो किल्लीचा किस्सा! अजून देत नाही वाटतं किल्ली?" तो मोठ्यानं हसला. "काय सांगायचे साहेब! गच्चीवर त्या दिवशी आम्ही हसून हसून खाली पडायचे बाकी होतो. 'मी साहेब आहे.' 'असाल.' अहाहा!" तिला हसायला हवं होतं. दर वेळी ती हसत आली होती. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि माणूस गेल्यावर त्याचा किस्सा कुणी प्रेमानं काढला तर बायकोनं हसावं, डोळे पुसावेत, असंच असतं. पण तिच्या तोंडून भलत्याच आवाजात, भलत्याच वयात गेलेल्या आवाजात निघालं, "वर माणूस आहे हो!" शेजारी बावरला. "असू द्या, असू द्या," म्हणाला, "मी मोबाइलवरून बघतो," आणि सपाता न वाजवता वर गेला.

तिनं पाठ पुन्हा पेटीला नीट टेकवली. एवढ्याशा गोष्टीला काय झालं, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी ती दुपार आली. उन्हाची, आळसावलेली, दुसरी पाळी नुकतीच लागलेली. पातळीचा काटा धपकन शून्यावर पडला. हळूभाऊ आला, शिफ्टच्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "जा, पण तुझ्या त्या हळू-हळूला आज सुट्टी दे." कुलूप लागलं, किल्ली तिच्या तळहातावर आली, आणि एका स्विचवरचे तिन्ही काटे झोपले. फोन आला, श्वास ऐकू आला, फोन ठेवला गेला. मग वेळ जायला लागला. बोल्ट गंजले असणार. तिला इथं बसून दिसत होतं, तो पाना लावून थांबलाय, तेल सोडून वाट बघतोय. तेवढ्यात साहेब धावत आला. कारखान्यात त्याला पाठीमागं सगळे कुकर म्हणत. तापला की शिटी, शिटी झाली की थंड. पण त्या दिवशी शिटी होत नव्हती, नुसता तापत होता. टाकी तापवणारी वाफ चालू, आत काय चाललंय कळायला मार्ग नाही. "मला टाकी दिसत नाहीय! किल्ली द्या." "बाहेर माणूस आहे, साहेब." "झालं असेल त्याचं." "आला नाही अजून." "फोन लावा." तिनं लावला. वाजत राहिला. पंपांपाशी उभ्या माणसाला तो ऐकू जात नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. "नुसतं क्षणभर चालू करतो. काटे बघतो, लगेच बंद करतो. टाकी उडाली तर तुमचा माणूसही राहायचा नाही, कळतंय का?" तेही खरं होतं. इथंच सगळी गोम होती, त्याचंही खरं होतं. आंधळी टाकी आणि उघडी पेटी, ह्यांतलं जास्त वाईट काय, ह्याचा पाढा तिला कुणी शिकवला नव्हता. ती म्हणाली, "मग वाफ बंद करा." "सगळा घाणा वाया जाईल!" "जाऊ द्या." "मी साहेब आहे इथला!" "असाल," ती म्हणाली. हे ती खरंच म्हणाली होती. उर्मटपणे नाही, त्याहून मोठा शब्द तिला सापडत नव्हता.

आणि मग त्यानं तिचं मनगट धरलं. हे किश्शात कधीच आलं नाही. मूठ उघडायला त्यानं तिचं मनगट धरलं, आणि दोघांनी एकाच वेळी त्या मनगटाकडे पाहिलं, त्याच्या बोटांकडे पाहिलं. तिला अजून आठवतं, त्याची नखं स्वच्छ कापलेली होती. त्यानं हात सोडला. विस्तवाला लागल्यासारखा सोडला. वळला, बाहेर गेला, स्वतः चाक फिरवून वाफ तोडली, परत येऊन दारात उभा राहिला. वाफ तुटल्यावर सगळ्या इमारतीची एक धून थांबली, आणि ती इतके दिवस चालू होती हे तेव्हा कळलं. बऱ्याच वेळानं हळूभाऊ आला. पट्ट्यावर बूट पुसले, हात पुसले, तिच्यापुढं हात पसरला, किल्ली घेतली, कुलूप काढलं, आणि तिन्ही काटे हळूहळू उठून उभे राहिले. मग त्यानं विचारलं, "चहा संपला का?" आणि थर्मासचं झाकण उघडता उघडता, कुणाला तरी सहज सांगावं तसं म्हणाला, "त्या पंपाच्या दांड्यापाशी ग्लँड गळतंय, साहेब. पेटीखाली थिनरचं तळं झालंय. झाकण काढलेलं आणि पायाखाली हे. म्हटलं, आता हळूच." साहेब खाली बसला. खुर्ची नव्हती तिथं. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, पांढरी पँट घालून बसला. हळूभाऊला वाटलं ऊन लागलं. त्यानं आपला चहा त्याला दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी घेऊन तिच्या टेबलाशी आला. मनगटाबद्दल बोलला नाही, माफीही मागितली नाही. म्हणाला, "मला हे तिन्ही काटे वेगळे करायचेत. प्रत्येकाला आपला स्विच, आपला फ्यूज, सगळं पट्ट्याच्या अलीकडे. तुम्ही रोज बघता, तुम्ही सांगा कुठं काय हवं." मग कितीतरी दुपारी ते दोघं त्या कागदावर वाकलेले. तो रेघ मारायचा, ती म्हणायची, "ह्या स्विचला एकच तार तुटतेय." तो खोडायचा. "कुलपाला भोक ठेवलं का?" तो ठेवायचा. रबराचा चुरा दोघांच्या मध्ये साठायचा आणि तो फुंकर मारायचा, तिच्या बाजूला जाणार नाही अशी, तोंड वाकडं करून. आयुष्यात तिनं पुष्कळ सुख पाहिलं. पण डोळे मिटून सुख म्हटलं की तिला तो कागद दिसतो, त्यावर तिरकं आलेलं ऊन, आणि तोंड वाकडं करून फुंकर मारणारा एक तापट माणूस. पॅनेल उभं राहिलं तोपर्यंत त्या दोघांचं लग्न ठरलं होतं. सासूबाईंनी विचारलं, मुलगी कशी काय पसंत केलीस, तेव्हा त्यानं पहिल्यांदा तो किस्सा सांगितला. "मी म्हटलं, किल्ली द्या. ही म्हणाली, नाही. मी म्हटलं, मी साहेब आहे. ही म्हणाली, असाल! तेव्हाच ठरवलं, आपल्या तिजोरीला हीच बाई पाहिजे." सासूबाई पोट धरून हसल्या, तीही हसली. खरंच गमतीचं वाटलं होतं तेव्हा.

किस्सा मग घरात वाढत गेला. दिरांच्या लग्नात, मुलीच्या वाढदिवसाला, गच्चीवर, पाहुण्यांत. त्याला सांगायची हातोटी होती, आवाज काढायचा, तिच्या 'असाल'ला मान उडवायचा. कधी त्यात टाकी असायची, कधी नुसतं कपाट. ऐकणाऱ्यांना काय कळणार म्हणून. पुढं पुढं तो म्हणायला लागला, "मी तर परीक्षाच बघत होतो हिची!" तिनं ट्रे टेबलावर ठेवता ठेवता ते ऐकलं होतं आणि एक कप उगाच नीट केला होता. एकदा ती मध्येच म्हणालीही, "अहो, बाहेर हळूभाऊ होते ना, म्हणून." तो लाडानं म्हणाला, "अगं, त्यात तांत्रिक नको आणूस. मजा जाते." लोकही म्हणाले, "हो वहिनी, सांगू दे त्यांना." आणि त्या दिवसापासून हळूभाऊ तांत्रिक झाला. किश्शात एक साहेब उरला, एक हट्टी बाई, एक किल्ली. बाहेर कुणी नाही. आज त्या शेजाऱ्यानं हसून ते म्हटलं तेव्हा तिला जे लागलं ते हेच होतं. सांगणारे हे गेले, आता तो किस्सा बदलणारं कुणी उरलं नाही. तो तसाच, रिकामा, लोकांच्या तोंडात राहणार.

पण पाठीला ते थंड लोखंड लागत होतं, आणि आणखी एक गोष्ट कुठून तरी वर आली, जिच्याकडे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. हे घरातला कुठलाही खटका दाबायच्या आधी विचारायचे, "हात बाजूला?" इस्त्री असो, पंखा असो, मिक्सर असो. ती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला असली तरी. लेक लहानपणी चिडायची, "बाबा, मिक्सरच्या भांड्याला झाकण आहे!" "असू दे. हात बाजूला?" आणि उत्तर आल्याखेरीज बोट हलायचं नाही. घरात कुणी नसलं तरी विचारायचे. तिनं बाहेरून येताना एकदा ऐकलं होतं; रिकाम्या खोलीत उभे राहून, दिव्याच्या बटणावर बोट ठेवून, हळू आवाजात, "हात बाजूला?" आणि थोडं थांबून मग दिवा. तिला तेव्हा हसू आलं होतं, म्हातारपणाचे चाळे म्हणून. ते कुणाला विचारत होते? इतकी वर्षं ती मनात म्हणत आली की हे त्या माणसाला विसरले. विसरलेला माणूस असा दिवसातून दहादा विचारतो का? गोष्टीत त्याला घ्यायची ह्यांची छाती नव्हती, एवढंच. घेतला असता तर हसता आलं नसतं, आणि हसल्याशिवाय ह्यांना ते सांगता आलं नसतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. तिचा राग, जो कधी राग म्हणून उभाही राहिला नव्हता, तो असा पायातून निघून गेल्यासारखा झाला. त्याच्या जागी हे आले. गच्चीवरचे, टाळ्या घेणारे नाही. रिकाम्या खोलीत थांबलेले.

"आई! अगं इथं काय करतेस? मी वरच्या मजल्यापासून शोधतेय." लेक जिन्यावरून उतरत होती, केस वर बांधलेले, हातात बंद पडलेला फोन. वायरमननं सांगितलेलं तिनं लेकीला थोडक्यात सांगितलं. लेक पायरीवर बसली आणि हसायला लागली. "म्हणजे तू परत किल्ली घेऊन! बाबा असते ना, तर आज रात्री सगळ्या नातेवाइकांना फोन गेले असते. 'मी म्हटलं, किल्ली द्या...'" तिनं बापासारखाच आवाज काढला. मान उडवायची ढबही तीच.

"बाहेर माणूस होता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. बाहेर एक माणूस होता. मी हट्ट म्हणून नाही धरली किल्ली." आणि मग तिनं सांगितलं. फोनवरचा श्वास, गंजलेले बोल्ट, मनगट, पेटीखालचं तळं, जमिनीवर बसलेला पांढऱ्या पँटमधला साहेब. तांत्रिक म्हणून काही गाळलं नाही. एका स्विचवर तीन काटे म्हणजे काय हेही सांगितलं, समोरच्या मीटरांवर बोट ठेवून. लेक आधी मध्ये मध्ये बोलत होती. मनगटापाशी तिनं आईच्या हाताकडे पाहिलं.

"बाबांनी?"

"सोडला लगेच. आणि वाफ त्यांनीच तोडली. तेही त्यांनीच केलं, हे विसरू नको."

वर वायरमननं काहीतरी ठोकलं. धूळ जिन्याच्या पोकळीतून सावकाश खाली आली. "तू कधी बोलली नाहीस," लेक म्हणाली. मग जरा अंदाज घेत, खालच्या आवाजात, "तुझं... त्याच्यावर काही होतं का आई?"

"नाही गं. तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

"मग पुढं काय झालं त्याचं?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. किश्शात जो नाही त्याचं पुढं काय होणार? ती पण पायरीवर टेकली, एक हात मागं पेटीवर ठेवून. "गेला दुसरीकडे, बरं काम मिळालं म्हणून. नंतर एकदा दिसला. तू तेव्हा झालेली नव्हतीस. बसथांब्यावर उभी होते मी, पलीकडून तो आला, बायको बरोबर, बायकोच्या खांद्यावर मूल. मी ओळखलंच नाही आधी. चेहऱ्यानं कुठं ओळखत होते मी त्याला? तो बोलला तेव्हा कळलं. बायकोला म्हणाला, 'या त्या.' बस, एवढंच. 'या त्या.'"

"म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"त्या दुपारचं त्याला मागाहून कळलं होतं, त्यामुळे तिलाही सगळं ठाऊक होतं. त्यांच्या घरातही सांगत असणार ना. त्यांचं त्यांचं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मला वाटलं आता रडते की काय. खांद्यावरचं मूल उतरवलं आणि माझ्याकडे दिलं. विचारलं नाही, घेता का म्हणून. नुसतं दिलं. झोपलेलं होतं ते, मुलगी होती, अशी जड, गरम. तोंड उघडं. मी आयुष्यात तोवर इतकं लहान मूल घेतलं नव्हतं. मान कुठं धरायची कळेना. तो म्हणाला, 'हळू.'"

वायरमन जिना उतरत येत होता. त्याच्या चपला प्रत्येक पायरीवर वाजत होत्या.

"माझी बस आली. दार उघडलं. लोक चढले. तरी ती बाई मूल परत मागेना. तशीच उभी, हात खाली सोडून, मी घेतलंय ते बघत. कंडक्टर ओरडायला लागला. शेवटी त्यालाच बायकोला म्हणावं लागलं, 'अगं, त्यांची बस.'"

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, आणि तिचा दंड नकळत थोडा वर आला, कोपरात वाकला, तसाच राहिला. "मलाच देववेना."